पॅकेजमधला एक आकडा: सीए १२५ वाढलेलं आल्यानंतरचे तीन महिने

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी जनरल प्रॅक्टिस आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या ४३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक, मुलगी बारावीला, मुलगा आठवीत, घरात सासूबाई. पाळी नियमित, बीपी-शुगर नाही, मोठं आजारपण कधी नाही. त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेतली मुलं म्हणतात तसंच मीही त्यांना बाई म्हणते.

एका पतसंस्थेने सभासदांसाठी रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं होतं. सवलतीच्या दरातलं एक महिला पॅकेज होतं आणि त्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीए १२५ घातलेलं होतं. तो बाईंच्या पाळीचा दुसरा दिवस होता. रक्त काढणाऱ्या मुलाला त्यांनी विचारलंही, “पाळी आहे, चालेल ना?” रक्ताला काही फरक पडत नाही, असं तो म्हणाला. साखरेपुरतं त्याचं म्हणणं बरोबर होतं. सीए १२५ च्या बाबतीत ते बरोबर नव्हतं.

सोमवारी रात्री साडेनऊला रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. मुलाचा अभ्यास घेता घेता बाईंनी ती उघडली. सगळं ठीक होतं, फक्त शेवटच्या पानावर सीए १२५ समोर ठळक अक्षरात ८२.४ आणि बाजूला मर्यादा ३५ पर्यंत. खाली बारीक अक्षरात अंडाशयाच्या कॅन्सरचा उल्लेख आणि आपल्या डॉक्टरांना भेटा अशी ओळ. कुठल्या डॉक्टरांना, किती दिवसांत, भेटून काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्या रात्री त्यांनी पहाटे तीनपर्यंत फोनवर वाचलं. अंडाशयाचा कॅन्सर उशिरा सापडतो, लक्षणं अस्पष्ट असतात, पोट फुगतं, भूक मंदावते. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं पोट फुगायला लागलं आणि भूकही गेली. घरात कोणाला सांगितलं नाही, कारण मुलीची बारावी. शाळेतून आल्यावर आणि रात्री झोपताना त्या पोट दाबून बघायच्या. आठ दिवसांनी तालुक्याच्या दुसऱ्या लॅबमध्ये गुपचूप जाऊन तीच तपासणी पुन्हा केली, ती ६१ आली. एक दिवस थोडं बरं वाटलं. मग वाटलं, मशीन बिघडलं असेल, खरा आकडा याहून जास्त असेल.

नवऱ्याला कळलं ते कपाटामुळे. बाईंनी विम्याचे कागद, बँकेची पासबुकं आणि मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली एफडी एका पिशवीत घालून वर ठेवली होती. त्याने विचारलं तेव्हा त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माझ्याकडे आले.

बाईंचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, मुलीची बारावी होईपर्यंत तरी वेळ आहे का?”

अशा वेळी ‘काही नाही हो, काळजी करू नका’ हे वाक्य तोंडावर येतं. ते मी म्हणत नाही. ज्या माणसाने पंधरा रात्री तोच विचार केलाय त्याला ते वाक्य ऐकून एवढंच वाटतं की समोरच्याने आपलं नीट ऐकलेलं नाही. शिवाय तपासलेलं नसताना ते खरंही नसतं. मी म्हटलं, “बाई, तुम्हाला कॅन्सर आहे असं हा कागद सांगत नाही. नाही असंही सांगत नाही. हे सांगण्यासाठी ही तपासणी बनलेलीच नाही. ती कशासाठी आहे ते आधी बघू, मग तुम्हाला तपासते, आणि मग पुढचं सगळं तारखेनिशी लिहून देते.”

सीए १२५ हे एक मोठं प्रथिन आहे. पोटाच्या आतल्या आवरणाच्या, फुप्फुसाभोवतीच्या आवरणाच्या, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी ते बनवतात, आणि अंडाशयाच्या बऱ्याच कॅन्सरमध्येही ते वाढतं. म्हणजे या आवरणांपैकी कुठलंही चिडलं, सुजलं की आकडा चढू शकतो. पाळीच्या दिवसांत चढतो, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत चढतो. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हरचा सिरॉसिस, हृदय कमजोर होऊन शरीरात साठलेलं पाणी, या सगळ्यांत चढतो. आपल्याकडे पोटाच्या टीबीची आठवण आधी ठेवावी लागते. टीबीत पोटात पाणी होऊन सीए १२५ शेकड्यांत जातं आणि चित्र हुबेहूब कॅन्सरसारखं दिसतं, पण तो गोळ्यांनी बरा होणारा आजार असतो. बाईंना मी म्हटलं, वाड्यावरचं कुत्रं चोर आला तरी भुंकतं आणि पोस्टमन आला तरी भुंकतं. भुंकलं की उठून बघायचं, पण भुंकण्यावरून चोर ठरवायचा नाही.

हे त्यांना पटलं, पण पुरलं नाही. त्या गणित शिकवतात, म्हणून रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हिशेब मांडला. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८३ साली ही तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या १०१ रुग्णांपैकी ८३ जणींचा आकडा ३५ च्या वर होता. निरोगी रक्तदात्यांत तो शंभरात एकाचा वर होता. आता बाईंच्या वयाच्या एक लाख बायका घेऊ. त्यांतल्या दहा जणींना या वर्षात हा कॅन्सर होईल असं हिशेबापुरतं धरू. दहापैकी आठ जणींचा आकडा वाढलेला दिसेल. उरलेल्या निरोगी बायकांत शंभरात एक म्हणजे हजार जणींचा वाढलेला दिसेल. वाढलेल्या आकड्याचे एकूण कागद एक हजार आठ, त्यांतले कॅन्सरचे आठ.

बाईंनी भागाकार स्वतः केला. शंभरात एकही भरत नाही, हे पाहून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग बरोबर प्रश्न विचारला, “पण माझं ३६ नाही, ८२ आहे.” खरं आहे. आकडा जितका वर, तितकी शंका वाढते, म्हणून हा हिशेब त्यांच्यासाठी तंतोतंत लागू नव्हता. पण उलट बाजूलाही एक गोष्ट होती. रक्त पाळीत काढलं होतं, आणि मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं की गेली तीन-चार वर्षं पाळीत पोट फार दुखतं, दोन दिवस गोळी घेतल्याशिवाय वर्गात उभं राहता येत नाही. ही तक्रार त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. बायकांचं दुखतंच, असं त्या धरून चालल्या होत्या. रिपोर्ट वाचल्यापासून त्यांनी मनात जे शंभर टक्के धरलं होतं, ते मात्र या हिशेबानंतर टिकलं नाही.

दुसऱ्या लॅबच्या ६१ बद्दलही त्यांना सांगावं लागलं. सीए १२५ मोजायची वेगवेगळी किट असतात आणि एकाच रक्ताचे दोन ठिकाणी वेगळे आकडे येऊ शकतात. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून कमी झाला की वाढला हे ठरवता येत नाही. यापुढे करायचीच तर त्याच लॅबमध्ये, पाळी संपून काही दिवस गेल्यावर आणि मी सांगेन तेव्हा, असं ठरलं. ‘मी सांगेन तेव्हा’ याचा आग्रह मी मुद्दाम धरला. घाबरलेलं माणूस स्वतःहून तपासण्या वाढवत जातं आणि प्रत्येक नवा आकडा नवी रात्र जागवतो.

मग घरच्या इतिहासाकडे वळलो. बाईंच्या मावशी ‘पोटाच्या कॅन्सरने’ गेल्या होत्या आणि बाईंच्या भीतीचं मूळ तिथे होतं. आपल्याकडे पोटाचा म्हटलं की त्यात जठर, आतडं, लिव्हर, गर्भाशय, अंडाशय सगळं येतं. इथे फरक फार मोठा पडतो. आई, बहीण, मावशी, आजी यांच्यात अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर बीआरसीए जनुकातला दोष घराण्यात असू शकतो, आणि मग जनुकीय सल्ल्यापासून सगळी दिशा बदलते. नवऱ्याने मावसभावाला फोन लावला. त्याच्याकडे जुनी फाइल होती. त्याने फोटो पाठवला. मावशींना जठराचा कॅन्सर होता. बाईंच्या खांद्यावरून पहिलं ओझं उतरलं ते या फोटोने, माझ्या कुठल्याही वाक्याने नाही.

तपासताना पोटात पाणी नव्हतं, गाठ हाताला लागली नाही, ताप, खोकला, वजन घटणं काही नव्हतं. गर्भाशय किंचित मोठं वाटलं.

कागदावर मी जे लिहून दिलं ते साधं होतं. गुरुवारी साताऱ्याला सोनोग्राफी, वरून आणि आतून दोन्ही. शुक्रवारी दुपारी एक वाजता मी फोन करणार, निकाल चांगला असो, वाईट असो किंवा अर्धवट असो. सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. खाली तीन ओळी: सोनोग्राफीत काहीच नाही आलं तर काय करायचं, साधी गाठ आली तर काय, आणि शंकास्पद गाठ आली तर काय. तिसऱ्या ओळीत मी स्पष्ट लिहिलं की तशी वेळ आली तर थेट स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे जायचं, गावात कोणाकडून गाठ काढून घ्यायची नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि शिक्षक म्हणून वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती कशी मिळते, तेही बोललो. वाईट ओळ लिहिल्याने बाई आणखी घाबरतील असं त्यांच्या नवऱ्याला वाटत होतं. झालं उलटं. त्यांच्या मनात त्या ओळीच्या जागी आतापर्यंत फक्त मरण होतं. आता तिथे एक पत्ता आणि पुढचं पाऊल आलं.

मला या प्रकरणातून सगळ्यात ठासून सांगायचं आहे ते हेच. बाईंना पंधरा दिवस जे झालं ते आकड्यामुळे जेवढं होतं त्याहून जास्त बिनतारखेच्या वाट पाहण्यामुळे होतं. कधी कळणार, कोण सांगणार आणि कळल्यावर काय करायचं, ही तीन उत्तरं रिपोर्ट देणाऱ्याने रिपोर्टबरोबर दिली पाहिजेत. रात्री साडेनऊला पीडीएफ टाकून मोकळं होणं ही माझ्या मते सेवा नाही. कॅन्सरचं नाव असलेली तपासणी विकायची असेल तर निकाल सांगायला माणूस बसवण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

गुरुवारपर्यंतच्या आणि नंतरच्या रात्रींसाठी काही गोष्टी ठरवल्या. सगळ्या चालल्या नाहीत.

फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा. वाचायला बंदी नाही, पण वाचायच्या आधी प्रश्न वहीत लिहायचा आणि वही माझ्याकडे आणायची. पहिल्या आठवड्यात वहीत पानभर प्रश्न आले. त्यांतले निम्मे खरं तर एकच प्रश्न होते, शब्द तेवढे वेगळे. ते त्यांच्याच लक्षात आलं.

पोट दाबून बघणं थांबवा म्हटलं तर कोणी थांबवत नाही. म्हणून त्याला जागा दिली. रोज सकाळी एकदाच, आंघोळीआधी, चार गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे: पोट फुगणं, लवकर पोट भरणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जाणं. हीच ती लक्षणं आहेत जी महिन्यातून बाराहून जास्त वेळा आणि सतत येत राहिली, विशेषतः पन्नाशीनंतर, तर डॉक्टरांनी अंडाशयाचा विचार करायलाच हवा. म्हणजे ही नोंद मन रमवण्यासाठी दिलेली नव्हती, मला ती खरोखर हवी होती. सहा आठवड्यांनी वही बघितली तर फुगण्याचे गुण पहिल्या पंधरवड्यानंतर शून्यावर आले होते, आणि दुखण्याचे सगळे तीन-तीन पाळीच्या आसपास गोळा झाले होते. ज्या चिंतेने त्यांना पोटाकडे सारखं बघायला लावलं होतं, तिच्यातूनच निदानाला उपयोगी पुरावा हातात आला.

संध्याकाळी सहा ते सहा वीस ही काळजीची वेळ ठेवली. ओट्यावर बसायचं, काळजी करायची, लिहायची. दिवसभरात विचार आला की ‘सहाला’ म्हणून पुढे ढकलायचा. ही मानसशास्त्रातली १९८० च्या दशकापासून अभ्यासलेली पद्धत आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती विचित्र वाटते. बाईंना तासांचं वेळापत्रक अंगवळणी पडलेलं, त्यांना ती लगेच जमली. आठवड्याभरात वीस मिनिटं भरेनात. त्या म्हणाल्या, “दहा मिनिटांत तेच तेच संपतं, मग मी भाजी निवडते.”

दीर्घ श्वसन मात्र त्यांना अजिबात सोसलं नाही. श्वास पोटात भरला की लक्ष पोटावर आणि पोटावर लक्ष गेलं की गाठीचा विचार. ते दोन दिवसांत सोडून दिलं. त्याऐवजी त्या सकाळी शाळेपर्यंत चालत जाऊ लागल्या. प्राणायाम सगळ्यांना लागू पडतो असं आपण गृहीत धरतो, तसं नसतं.

पहिल्याच भेटीत मी त्यांना सरळ विचारलं होतं, “जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?” नाही म्हणाल्या. हा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसा विचार शिरत नाही, उलट आलेला असेल तर तो बोलायला वाट मिळते. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, शाळेत जाणं बंद पडलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवेन असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. मराठीत बोलता येतं.

घरात सांगायचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. बाईंचं म्हणणं, मुलीला परीक्षेपर्यंत कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, तिला काहीतरी कळलेलंच आहे, काय ते तेवढं माहीत नाही. रविवारी दोघांनी मुलांना समोर बसवून सांगितलं: आईच्या रक्तात एक आकडा वाढलाय, कारण शोधतोय, गुरुवारी तपासणी आहे, कळलं की तुम्हालाही सांगू. मुलगी रडली आणि म्हणाली, मला वाटलं तुम्ही दोघं वेगळे होताय. ती त्या रात्री बऱ्याच दिवसांनी वेळेत झोपली.

सासूबाईंनी पालीच्या खंडोबाला नवस बोलला. शेजारणीने कुठल्यातरी पानांचा रस सुचवला, एका नातेवाइकाने बाहेरचं बघणाऱ्याचं नाव काढलं. नवसाला माझी काहीच हरकत नव्हती. म्हातारीच्या हातात करण्यासारखं एवढंच होतं आणि ते तिने मनापासून केलं. रसाला मी नाही म्हटलं, कारण तपासण्या सुरू असताना लिव्हरवर काय परिणाम होईल सांगता येत नाही. बाहेरचं बघणाऱ्याचा विषय नवऱ्यानेच संपवला.

गुरुवारच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ३.६ सेंटीमीटरची गाठ दिसली. एकाच कप्प्याची, आत घट्ट भाग नाही, पोटात पाणी नाही, उजवं अंडाशय ठीक. आतला द्रव दाट, एंडोमेट्रिओसिसची म्हणजे चॉकलेट सिस्ट असते तसा. गर्भाशयाची भिंत जाड, ॲडिनोमायोसिससारखी, म्हणजे आतलं अस्तर भिंतीत शिरल्यावर होते तशी. शुक्रवारी एकला मी फोन केला. ‘गाठ’ हा शब्द ऐकल्यावर पुढचं कोणाच्या कानात शिरत नाही, म्हणून आधी म्हटलं, “कॅन्सरसारखं काही दिसलेलं नाही. तुमच्या पाळीच्या दुखण्याचं कारण सापडलंय. आता गाठीबद्दल सांगते.” फोन स्पीकरवर होता आणि नवरा लिहून घेत होता.

सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना धोका मोजायचं सूत्र समजावलं. इयन जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेलं हे सूत्र अजून वापरात आहे. सोनोग्राफीचे गुण, पाळीच्या स्थितीचा अंक आणि सीए १२५ यांचा गुणाकार करायचा. कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याची खूण यांपैकी काहीच नसेल तर सोनोग्राफीचा गुण शून्य, एक असेल तर एक, जास्त असतील तर तीन. पाळी चालू असेल तर एक, गेलेली असेल तर तीन. २०० च्या वर गेलं की कॅन्सरतज्ज्ञ. बाईंचा गुणाकार शून्य येत होता, आणि सोनोग्राफीला उगाच एक गुण दिला तरी ८२ च. हेच ८२.४ पाळी गेलेल्या साठीच्या बाईंचं असतं आणि गाठीत घट्ट भाग असता, तर एवढी वाट बघितलीच नसती. एक गुणिले तीन गुणिले ८२.४ म्हणजे २४७ च्या आसपास, २०० च्या वर गुणाकार गेला असता आणि त्याच आठवड्यात पुढे पाठवलं असतं.

एंडोमेट्रिओसिससाठी डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी सुरू झाली. पहिले दोन महिने मधेच डाग पडायचे, त्याची कल्पना आधीच दिलेली असल्याने बाई घाबरल्या नाहीत. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत गाठ ३.३ सेंटीमीटर, आत बदल नाही. सीए १२५ शिबिराच्याच लॅबमध्ये केलं, ते ४१ आलं.

खरी परीक्षा तेव्हा झाली. आकडा ३५ च्या खाली आला नव्हता. रिपोर्ट पुन्हा ठळक अक्षरातच होता. या वेळी तो आधी माझ्याकडे आला होता आणि शनिवारी अकरा वाजता दोघांनी यायचं असं ठरलेलं होतं. बाईंनी विचारलं, “दर महिन्याला करत राहू का, खाली येईपर्यंत?” मी नाही म्हटलं. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईत तो ३५ च्या थोडा वर राहू शकतो, आणि तो मोजत बसल्याने गाठीबद्दल काही नवं कळत नाही. एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयाच्या काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, हे मी लपवलं नाही. त्यासाठी सोनोग्राफी ठरलेल्या अंतराने होत राहील, आधी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने. गाठ वाढली, आत घट्ट भाग दिसला किंवा वहीतली चार लक्षणं सतत येऊ लागली, तर मधेच यायचं. बाईंनी हे लिहून घेतलं आणि ४१ खाली रेघ मारून पान उलटलं. भीती पूर्ण गेलेली नाही. सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, असं त्या सांगतात. तेवढी भीती घेऊन त्या शाळेत जातात, शिकवतात.

यानंतर शाळेतल्या दोघी शिक्षिका मला भेटायला आल्या, तेच पॅकेज घ्यावं का विचारायला. काही त्रास नाही, घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर नाही, अशा बाईने चाळणी म्हणून सीए १२५ करू नये, हे माझं ठाम मत आहे आणि ते माझं एकटीचं नाही. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी सीए १२५ आणि सोनोग्राफी करूनही अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू घटले नाहीत. ३,२८५ जणींचे निकाल खोटेच वाढलेले आले, त्यांतल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा २०२१ चा निष्कर्षही तोच, मृत्यू कमी होत नाहीत. शिवाय पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हा आकडा वाढतच नाही, म्हणजे नॉर्मल आला तरी निर्धास्त होता येत नाही. पॅकेजमधल्या इतर मार्करचीही गत फार वेगळी नाही. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतं, सीए १९-९ पित्तनलिका खड्याने अडली तरी वाढतं, पुरुषांचं पीएसए लघवीच्या जंतुसंसर्गातही वाढतं.

त्या दोघींना आणि बाईंनाही मी विचारलं, गर्भाशयमुखाची तपासणी कधी केली आहे का? तिघींचंही उत्तर नाही असं होतं. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. गर्भाशयमुखाची तपासणी ॲसिटिक ॲसिड लावून काही मिनिटांत होते आणि कॅन्सर व्हायच्या आधीचा बदलही तिच्यात सापडतो. पैसे देऊन केलेल्या तपासणीने बाईंची झोप घालवली होती, आणि जी करायलाच हवी ती गावापासून चार किलोमीटरवर फुकट होती. पुढच्या बुधवारी तिघी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आल्या. तिघींचे निकाल तिथल्या तिथे, नर्सताईंनी समोर बसवून सांगितले: ठीक आहे, पुढची तपासणी पाच वर्षांनी.